सातभाईंच्या कप्प्यातला पक्षी

आधी वाचकांची माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात सहीच्या पलीकडे काही लिहिणारा मी पहिलाच, आणि आजवर जे लिहिलं ते उत्तरपत्रिकेत, फळ्यावर नाहीतर रजेच्या अर्जात. शिवाय मला सांगायचं आहे ते एका पक्ष्याबद्दल, आणि तो मी जिवंत कधीच पाहिलेला नाही. पक्ष्यांवर लिहिणारी माणसं वर्षानुवर्षं दुर्बीण घेऊन रानात हिंडतात. मी पक्षी ओळखायला शिकलो ते त्यांना मारून. हे वाचून कुणाला किळस आली तर ते साहजिक आहे. पण ते वगळून ही हकीकत सांगायचा प्रयत्न मी करून पाहिला, आणि मला जमलं नाही.

आमची वस्ती मुरुडच्या पलीकडे, कोरडवाहू शिवाराच्या कडेला. लहानपणी आम्ही पोरं गलोल घेऊन रानात जायचो आणि जे पडेल ते भाजून खायचो. सगळ्यात जास्त पडायचे सातभाई. हा मातकट रंगाचा, घोळक्यानं फिरणारा आणि सदा कलकलाट करणारा पक्षी सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो मारायची आमची एक रीत होती. मोठ्या पोरांनी शिकवलेली, त्यांना त्यांच्या मोठ्यांनी.

एक सातभाई जिवंत धरायचा. त्याचा पाय सुतळीनं बाभळीच्या बुंध्याला बांधायचा आणि पंख पिळायचा. तो किंचाळू लागला की बाकीचे पळत नाहीत. उलट येतात. चोची वासून, पिसं फुगवून थेट अंगावर येतात. आम्ही काट्याच्या कुपाटीमागं दडलेले असायचो. दगड लागून दुसरा पडला की तो किंचाळायचा, त्याच्यासाठी तिसरा खाली उतरायचा. होले, चिमण्या एक मेली की भुर्र होतात. सातभाई संपेपर्यंत येत राहतात. शेवटी बांधलेल्याची मान मोडायची. त्या वेळी पोटात भूक होती हे खरं, पण फक्त भूक होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आम्ही हसायचो.

त्याच बाभळीवर खाटीक पक्षी असायचा. टोळ, सरड्याची पिलं काट्यांना टोचून ठेवायचा आणि सवडीनं फाडून खायचा. त्याची चोच पुढं आकड्यासारखी वळलेली. जखमी खाटीक धरला तर तो बोटाचं कातडं काढायचा. सातभाईची चोच तशी नसते. तो चावला तर नुसता चिमटा बसतो. अशा गोष्टी मला पुस्तकाआधी बोटांनी शिकवल्या.

नांदेडला कॉलेजात गेलो तेव्हा प्राणिशास्त्र घेतलं, कारण त्यातले शब्द पाठ करता येतात असं कुणीतरी सांगितलं होतं. स्कॉलरशिपवर वसतिगृहात राहत होतो. नापास झालो की स्कॉलरशिप बंद, आणि स्कॉलरशिप बंद झाली की बाच्या शेजारी बसून रोजगार हमीची खडी फोडायची. हे मला घरून निघतानाच सांगितलेलं होतं. बानं सांगितलं नव्हतं, त्याच्या हातांकडे पाहून कळत होतं.

त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला. माझ्या खोलीतला सोबती निलंग्याचा. त्यानं कुठूनतरी गुलाल आणला आणि माझ्या तोंडाला फासला.

"आता आपुन उस्मानाबादचे न्हाई, लेका! आपला सोताचा जिल्हा!"

शेजारच्या खोलीतला नांदेडचा पोरगा दारातून म्हणाला, "काल उस्मानाबादचे, आज लातूरचे. उद्या कोन्या खात्यात टाकतेत तुम्हाला, इचारून घ्या एकदा."

सगळे हसले, मीही हसलो.

आमचे सर तापट होते, पण मनानं कोरडे नव्हते. माझी अडचण ओळखून त्यांनी मला विभागाच्या संग्रहालयातलं काम दिलं. भुसा भरलेले, विष लावून टिकवलेले पक्षी ब्रशनं झटकायचे, डांबराच्या गोळ्या बदलायच्या. प्रत्येक कुळाचा कप्पा वेगळा. सातभाईंच्या कप्प्यात आपले नेहमीचे चार सातभाई होते आणि कोपऱ्यात एक जोडी, फार जुनी, दार्जिलिंगच्या बाजूच्या डोंगरातून आलेली. नर चिमणीपेक्षा जरासा मोठा, काळं डोकं, डोळ्यावरून गेलेली पांढरी पट्टी, राखी पाठ. मादी निराळीच, राखट डोक्याची आणि हिरवट पंखांची. डोळ्यांच्या जागी कापूस. चिठ्ठीवरच्या इंग्रजी नावाचा अर्थ सरांनी सांगितला: खाटीक-सातभाई.

मी नर उचलला आणि सवयीनं त्याच्या चोचीवरून बोट फिरवलं. टोक बोटात रुतलं.

"सर, हा सातभाई न्हाई."

"का?"

"चोच खाटकाची हाय. पाय पण बारीक हायेत. आन् सातभाईत नर कोन्ता, मादी कोन्ती, कापल्याबिगर कळत न्हाई. हे तर उघड उघड नवरा-बायको दिसतेत."

सर हसले. पक्षी हातात घेऊन त्यांनी बराच वेळ उलटसुलट पाहिला. "मग खाटकाच्या कप्प्यात ठेवायचा का?"

मी खाटीक काढून शेजारी धरला. पटेना. डोकं निराळं, पंखांची ठेवण निराळी. "तिथला बी वाटत न्हाई, सर."

"याचं तोंड मलाही कधी पटलं नाही," सर म्हणाले. "झाडांच्या शेंड्यांत फांदीफांदीनं सरकतो म्हणतात, गुपचूप. एकटा, नाहीतर जोडीनं, दुसऱ्या पाखरांच्या थव्यात मिसळून. पण पुस्तकात सातभाई म्हटलंय, तर सातभाई. ठेव जागेवर."

मी ठेवला. त्यांचं ते वाक्य मात्र माझ्यासोबत राहिलं. सरांनाही पटलेलं नाही, हे मला फार मोठं वाटलं होतं.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी सुटी मिळाली म्हणून गावी गेलो, तर आमचा आड तळापर्यंत आटलेला. पाणी एकाच ठिकाणी होतं, शिवेवरच्या बारवेत. बारव शेजारच्या गावाच्या हद्दीत, पण पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही गावं तिथंच शेंदायची. दोन्हीकडच्या लेकी एकमेकांकडे दिलेल्या. दुष्काळात टँकर यायचा तो त्याच बारवेत रिकामा व्हायचा. नवा जिल्हा झाला तेव्हा आमचं गाव लातुरात आलं आणि ते गाव जुन्या जिल्ह्यात राहिलं. टँकर जुन्या जिल्ह्याचा. ते म्हणू लागले, हे पाणी आमचं. आमच्या लोकांनी लातूरला खेटे घातले. तिथं सांगितलं की तुमच्या गावाचे कागद अजून तिकडून आलेले नाहीत.

त्या सकाळी गावातली माणसं आमच्या वस्तीवर आली. एरवी बारवेवर आमची घागर सगळ्यांच्या मागं लागायची. गावाचं भरून झालं की मग आमचं. पण त्या दिवशी गावातला एक जाणता माणूस बाला म्हणाला, "तुम्ही म्होरं व्हा. तुमची मानसं दमदार. आम्ही हावच की मागं."

मायनं विचारलं, "आज कसं काय म्होरं?"

बा पोहरा आणि दोर खांद्यावर टाकून निघाला. मी मागोमाग.

बारवेच्या एका अंगाला मातीचा उंचवटा आहे. जाताना तिथं कुणी दिसलं नाही. बारवेच्या तोंडाशी त्यांची चारपाच माणसं बसलेली. बा एकटा पुढं झाला आणि म्हणाला, "पावनं, प्यायापुरतं घिऊ द्या. ल्हान लेकरं हायेत."

"तुझा जिल्हा देईल की पाणी," एक जण म्हणाला. "जा लातूरला, घागर घिऊन."

बानं पोहरा खाली सोडला. त्यांनी दोर ओढून बाला खाली पाडलं. दोघं पाठीवर बसले. तिसऱ्यानं त्याचा उजवा हात काठाच्या दगडावर धरला आणि चौथ्यानं वर पहार घातली. एकदा नाही. हाडाचा आवाज मला लांबून ऐकू आला. बा किंचाळला. माझ्या बाचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

आमच्या वस्तीची सगळी माणसं उताराला धावली. आणि त्या क्षणी मला कळलं. कसं, ते नीट सांगता येणार नाही. बांधलेला एक, त्याचं ओरडणं आणि मोकळ्या जागेत धावून येणारे बाकीचे, हे मी शंभरदा कुपाटीमागून पाहिलेलं होतं. मी उंचवट्याकडे पाहिलं. "थांबा! वर मानसं हायेत!" असं ओरडलो. कुणी ऐकलं नाही. आणि मग मीही धावलो. मला माहीत होतं, आणि मी धावलो.

उंचवट्यावरून गोफणी सुटल्या. गोफणीचा दगड येताना फडफडल्यासारखा आवाज होतो. माझ्या पुढं धावणारा चुलतभाऊ दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसला. बोटांमधून रक्त आणि आणखी काहीतरी येत होतं. त्याचा डोळा गेला. त्याला उचलायला जो वाकला त्याच्या डोक्यात दगड बसला. तिसरा त्याच्यासाठी थांबला आणि त्याचा जबडा फुटला. माझ्या डाव्या कानावर दगड बसला आणि सगळं एकदम शांत झालं. तरीही आम्ही बापर्यंत पोचलो. माझ्या हातात कुठूनतरी पोहऱ्याची कडी आली होती. पाठीवर बसलेल्यांपैकी एकाच्या तोंडावर मी ती घातली, परत घातली. त्याचे दात माझ्या पायाशी पडले. तो आमच्याच गावातल्या एका घरचा जावई होता, हे मागाहून कळलं.

मागं पाहिलं तर गावातली माणसं होती तिथंच उभी होती, बाभळीच्या सावलीला.

जुन्या जिल्ह्याचे पोलीस म्हणाले, तुम्ही आमच्याकडचे नाही. नव्या जिल्ह्याचे म्हणाले, बारव आमच्याकडची नाही. बा हात पोटाशी धरून दोन्ही ठाण्यांच्या ओट्यांवर बसून आला. दवाखान्यात नेईपर्यंत बोटं काळी पडली होती. दोन कापावी लागली, बाकीची वाकडी राहिली.

मी म्हणालो, मी परीक्षेला जात नाही. बा म्हणाला, "आता माझा हात गेला, तर तू जायाच पायजेस. खडी कुनी फोडायची, दोघांनी एका हातानं?"

कानाला पट्टी बांधून नांदेडला आलो. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात टेबलावर ओळीनं नमुने मांडतात. घंटा वाजली की पुढच्या नमुन्यासमोर उभं राहायचं आणि नाव, कुळ, कारणं लिहायची. डाव्या कानानं घंटा ऐकू येत नव्हती, म्हणून मी पुढच्याच्या पाठीकडे पाहून सरकत होतो. असा सरकत एका नमुन्यासमोर आलो. काळं डोकं, पांढरी पट्टी, डोळ्यांत कापूस.

नाव लिहिलं. कुळाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला पाठ होतं. पण हात चालेना. सातभाई म्हणजे काय, हे मी आठच दिवसांपूर्वी बारवेवर पाहून आलो होतो. मी लिहिलं: सातभाईंचे कुळ नाही. कोणते, ते माहीत नाही. कारणांत चोच, पाय, नर-मादीतला फरक, हे सगळं लिहिलं. इथं थांबायला हवं होतं. पण पुढं लिहिलं: एक सातभाई ओरडला की सगळे येतात. हा पक्षी येणार नाही असे वाटते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत माझा कागद पुढं ओढला.

"हा पक्षी जिवंत पाहिलास कधी?"

"नाही सर."

"मग येणार नाही, हे कशावरून?"

"सातभाई पाहिलेत, सर."

"पाहिलेत म्हणजे?"

"मारलेत."

शेजारी बसलेला कुणीतरी फिस्सकन हसला. परीक्षक हसले नाहीत. "पुस्तकं लिहिणारे वेडे, आणि तू गलोल घेऊन कुळं ठरवणार? कुणी शिकवलं हे?"

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. "कुणी नाही," मी म्हणालो. परीक्षकांनी त्या पानावर अशी रेघ मारली की कागद फाटला.

बाहेर व्हरांड्यात सरांनी मला गाठलं आणि मुस्काटात मारली. पट्टी होती त्याच बाजूला. मी भिंतीवर आदळलो. "वर्ष घालवलंस!" ते ओरडत होते. "एका मेलेल्या पाखरासाठी वर्ष घालवलंस, गाढवा!" पट्टीतून रक्त आलं तेव्हा त्यांचा हात थांबला. तसेच वळून ते निघून गेले.

मी नापास झालो. स्कॉलरशिप बंद झाली. पुढचं वर्षभर हमीच्या कामावर खडी फोडली. बा डाव्या हातानं दगड धरायचा, मी हातोडा घालायचो. दगडाचे कपचे तोंडावर उडायचे. चुलतभाऊ समोरच बसायचा, एका डोळ्यानं. त्याचा नेम चुकायचा आणि हातोडा त्याच्याच अंगठ्यावर पडायचा. शिव्या द्यायचा, पुन्हा मारायचा.

एकदा बानं विचारलं, "नापास कशापायी झालास ते तरी सांग."

मी सांगितलं. तो ऐकून घेत होता.

"मंग लिहून टाक की सातभाई. पाखराचं काय जातंय?"

"खरं न्हाई ते, बा."

"आन् आपुन लातूरचे हाव, हे खरं हाय का?" त्यानं दगड पुढं सरकवला. "मार."

परीक्षेच्या दिवसांत निलंग्याचा सोबती एसटीनं आला आणि मला जवळजवळ ओढतच नांदेडला घेऊन गेला. "चल ऊठ. तुझी फी भरून बसलो मी. न्हाई आलास तर तुझ्या जागी मी बसन, आन् दोघंबी जाऊ खडी फोडाया." त्या वर्षी टेबलावर पुन्हा तोच पक्षी होता. कुणी मुद्दाम ठेवला की आमच्या कॉलेजात नमुनेच कमी होते, कोण जाणे. मी कुळ लिहिलं: सातभाई. पास झालो. पुढं इस्लापूरकडे शाळेत लागलो. ओढ्याच्या काठी सातभाई दिसले की पोरांच्या हातातली गलोल काढून घ्यायचो, कारण सांगायचो नाही.

बा आता फार थकला आहे. माझ्याकडेच असतो. मागच्या उन्हाळ्यात दुपारी अंगणात त्याच्या बाजेशी बसलो होतो आणि फोन वाजला. सवयीनं डाव्या कानाला लावला, काही कळेना, मग उजव्याला घेतला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. सर होते. लातूरला मुलाकडे राहतात. माझा नंबर निलंग्याच्या सोबत्याकडून मिळवला म्हणाले. तब्येत विचारली, बाचं विचारलं.

"नातवाकडं पक्ष्यांचं नवं पुस्तक आहे," ते म्हणाले. "आपल्या पाखराला सातभाईंतून काढलंय. डीएनएची तपासणी केली म्हणे. निर्णय होऊन बरीच वर्षं झाली, आपल्याला आत्ता कळतंय. तुझी कारणं अर्धी चूक होती. शेवटचं तर काहीच्या काही. पण उत्तर बरोबर होतं. मी त्या दिवशी... कान कसा आहे रे तुझा?"

"बरा आहे, सर," मी म्हणालो.

बा बाजेवरून माझ्या तोंडाकडे बघत होता. "कोन मेलं?"

"कुनी न्हाई, बा. त्या पाखराचं हाय. मी नापास झालो होतो ते. त्यो सातभाई नव्हता."

"नव्हता?"

"नव्हता."

"मंग कुठं टाकलं आता त्याला?"

मी सरांना विचारलं आणि ते सांगतील तसं बाला सांगत गेलो. व्हिरिओ नावाचं एक कुळ आहे. त्यातले बहुतेक सगळे पक्षी अमेरिकेत, समुद्रापलीकडे. हाच तेवढा एकदोन सोबत्यांसह इकडच्या डोंगरात राहिलेला.

बानं वाकडा हात छातीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं उरलेली बोटं चोळत राहिला. फोनवर सर अजून थांबलेले होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"लई लांब राह्यले की त्याचे भाऊबंद," बा म्हणाला. "वरडला तर कोन यायचं?"